उपकारस्तुतीचं जेवण

आमच्या घरात कुणी आजारातून उठलं की मटण शिजायचं. आमच्याच घरात असं नाही, चर्चमागच्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती लोकांची जी पंचवीस-तीस घरं होती त्या सगळ्यांत हीच रीत. टायफॉइडमधून कुणी वाचलं, बाळंतपण सुखरूप झालं, पोरगा तिसऱ्या खेपेला का होईना मॅट्रिक पास झाला, की रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी वाचायचे, "येत्या शनिवारी संध्याकाळी अमक्यांच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना आहे, मंडळीनं अगत्य यावं." मंडळी अगत्यानं जायची. आधी गाणी, मग घरच्या कर्त्या माणसाची साक्ष, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सर्वांसमोर सांगायचं. मग पाळकसाहेबांची लांबलचक प्रार्थना, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात आतून येणारा रश्श्याचा वास. आम्हा पोरांचं लक्ष कशात असायचं ते सांगायला नको. एका घरानं तर हरवलेली म्हैस परत आली म्हणून उपकारस्तुती ठेवली होती, आणि म्हशीला गोठ्यातून आणून दारात उभं केलं होतं. ती साक्षीच्या मध्येच हंबरली तेव्हा पाळकसाहेबांनाही हसू आवरलं नव्हतं.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागं मोरीला लागून स्वयंपाकाची पडवी. बाबा शिरोलीला फाउंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूत साचे दाबायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतलं जायचं. सकाळच्या पाळीला ते सायकलवरून पंचगंगेचा पूल ओलांडून जायचे आणि परत आले की मोरीत अर्धा तास अंग घासायचे, तरी नखांतली वाळू काही जायची नाही. रविवारी पांढरा शर्ट घालून चर्चमध्ये बसले की त्यांची बोटं तेवढी वेगळ्याच माणसाची वाटायची. बाबा अबोल. आई त्यांच्या वाटणीचंही बोलायची. आमच्याकडं बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याला नोकरीला गेल्यावर माझ्या या बोलण्याला लोक हसले तेव्हा कुठं मला कळलं की जगात सगळीकडं असं बोलत नाहीत. आई बोलायची, गायची, भांडायची, प्रार्थना करायची आणि या चारही गोष्टी एकाच आवाजात करायची. शेजारच्या रशीदाभाभी म्हणायच्या, "तुझी आई देवाशी बोलालीया का भाजीवाल्याशी, मला भिंतीपलीकडनं कळतच न्हाय."

आणि सुहास. माझा धाकटा भाऊ, तेव्हा आठ वर्षांचा. मी चौदाची. सुहासला गळा होता. चर्चमधल्या पोरांच्या वर्गात तो पहिलं कडवं एकटा उचलायचा आणि मोठी माणसं बोलता बोलता थांबायची. कुठल्याही घरी प्रार्थना असली की पाळकसाहेबांचं ठरलेलं वाक्य असायचं, "सुहासबाळ, सुरुवात कर." मला त्याचा हेवा वाटायचा, हे इथं लिहून टाकते. मला गाता येत नव्हतं. माझं काम सतरंज्या अंथरायचं.

त्या वर्षी सुहासला ताप आला. पहिल्या दिवशी शाळेत उन्हात खेळल्याचा म्हणाले, दुसऱ्या दिवशी मान ताठ झाली आणि तो आईला ओळखेना. मेंदूचा ताप. बाबांनी त्याला खांद्यावर टाकलं आणि एसटीनं मिशनच्या दवाखान्यात नेलं. सतरा दिवस आई तिथं, बाबा पाळी करून जाऊन-येऊन, आणि मी घरी नेसरीहून आलेल्या आत्याच्या ताब्यात. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, शेतातली बाई, हाताला जड आणि तोंडाला फटकळ. तिनं मला भाकरी नीट थापायला शिकवली आणि रोज संध्याकाळी गुडघे टेकायला लावलं. गल्लीतल्या बायका आमच्या घरी येऊन सुहाससाठी प्रार्थना करायच्या. त्यातल्या एकीनं मला बजावलं ते अजून कानात आहे, "तोंडातनं अविश्वास काढू नगंस. बरा व्हईल का, असं म्हणायचं न्हाय. बरा झालाय, असंच म्हणायचं." मी तसंच म्हणायला लागले. भांडी घासताना, शाळेच्या वाटेवर, 'सुहास बरा झालाय, सुहास बरा झालाय.' आता वाटतं, देवाला मी पाठांतर ऐकवत होते.

पण ताप उतरला. खरंच उतरला. डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की अशी दहा पोरं आली तर चार-पाच परत जात नाहीत. पंधरा दिवसांनी तपासायला आणा म्हणाले आणि घरी सोडलं. रविवारी दुपारी बाबा सुहासला पाठुंगळी घेऊन गल्लीत शिरले. हातपाय काड्यांसारखे, डोकं तेवढं मोठं दिसत होतं. पण हसत होता. रशीदाभाभींनी दारातच त्याच्यावरून मीठ-मिरची ओवाळली. आमच्या लोकांना हे चालत नाही, पण त्या दिवशी आई काही बोलली नाही. पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीची घोषणा सकाळच्या उपासनेतच करून टाकली होती. येता शनिवार. बाबांनी मटणवाल्याला सांगून ठेवलं.

बुधवारी मला कळलं. शाळेतून आले तर सुहास पडवीत माझ्याकडं पाठ करून बसला होता, काडेपेटीची गाडी करत. मी फळीवरून पितळी परात काढायला गेले, ती हातातून निसटली आणि दगडी फरशीवर पडली. तो आवाज अख्ख्या गल्लीत गेला असणार. मांजर उडी मारून पळालं. सुहास काडी खोचत राहिला. मी जागच्या जागी उभी राहिले. मग हळूच हाक मारली. मग मोठ्यानं. मग त्याच्या पाठीमागं जाऊन टाळी वाजवली. माझी सावली त्याच्या गाडीवर पडली तेव्हा तो वळला आणि हसला. मी म्हटलं, "सुहास, ऐकू येतंय का तुला?" तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, तू हळू का बोलालीस? समदी हळू बोलाल्यात. मी आता बरा झालोय की."

त्याला वाटत होतं, तो आजारी म्हणून सगळे कुजबुजतात.

मी कुणाला सांगितलं नाही. का, हे मी आज साठी उलटल्यावरही पुरतं सांगू शकत नाही. भीती तर होतीच. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. घोषणा झाली होती. देव चांगला आहे असं आमच्या घरानं अख्ख्या मंडळीला सांगून ठेवलं होतं. आता मी तोंड उघडलं तर देवाला खोटं पाडणारी मी होणार, असं मला वाटलं. आणि ती बाई म्हणाली होती ना, तोंडातून अविश्वास काढायचा नाही. मी हिशेब केला की अजून तीन दिवस आहेत. देवाला कान परत द्यायला तीन दिवस पुष्कळ झाले. मी चहा सोडला. शनिवारपर्यंत चहा घेणार नाही असा करार केला. देवाला माझ्या चहाचं काय करायचं होतं देव जाणे.

घरात तर नुसती गडबड. आईनं कांदा-खोबरं भाजायला घेतलं, रश्श्याची तिखट चटणी वरच्या आळीतून कुटून आणली, ठसक्यानं गल्ली शिंकत होती. रशीदाभाभींनी पांढऱ्या रश्श्याची जबाबदारी घेतली, कारण आईचा पांढरा रस्सा दरवेळी फाटायचा आणि हे सगळ्यांना माहीत होतं. खसखस, तीळ आणि काजू त्या पाट्यावर वाटायच्या आणि मला बोटानं चाखायला द्यायच्या. मी चाखायचे आणि सुहासकडं बघायचे. आता लक्षात येतं की त्या दिवसांत आई त्याच्याशी नेहमी समोर बसून, त्याची हनुवटी धरून बोलायची. त्या वेळी मला ते लाड वाटले.

शनिवारी संध्याकाळी पन्नासेक माणसं आली. दोन्ही खोल्या भरल्या, उरलेले अंगणात. मी सतरंज्या अंथरल्या. सुहासला मधोमध पाटावर बसवलं होतं, नवा शर्ट, गळ्यात शेवंतीचा हार. पेटी वाजली, गाणी झाली. तो सगळ्यांच्या तोंडांकडं बघत ओठ हलवत होता. मी भिंतीला टेकून मनातल्या मनात देवाला म्हणत होते, आता, आता दे.

मग साक्षीची वेळ आली. सगळ्यांनी आईकडं पाहिलं, कारण बाबा कधीच साक्ष देत नसत. पण बाबा उठले. पांढऱ्या शर्टात, ते काळ्या नखांचे हात कुठं ठेवावेत ते न कळून त्यांनी पाठीमागं बांधले. म्हणाले, "मला बोलाय येत न्हाय. फाउंड्रीत लोखंड ओततो मी. एक थेंब जरी पायावर पडला तर हाडापतोर जातो. वीस वर्सं झाली, पन दवाखान्यात त्या सतरा दिसांत जे भ्या वाटलं, तसं कवा वाटलं न्हवतं. मी देवाला म्हनलो, माजं काय बी घे, ह्येला ठेव. त्येनं ठेवला. समदाच्या समदा माघारी दिला. देव चांगला हाय. मला एवढंच सांगायचं हुतं." आणि ते रडले. बाबांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मंडळीतले पुरुषही डोळे पुसायला लागले. मी मान खाली घातली.

पाळकसाहेब भरल्या आवाजात म्हणाले, "सुहासबाळ, आता तुझं गाणं होऊ दे." सुहास हारातली एक शेवंती सोलत होता. ते पुन्हा म्हणाले. लोक हसले, लाजतोय म्हणाले. आत्यानं त्याला मागून ढोसलं. त्यानं दचकून वर पाहिलं, सगळे आपल्याकडं बघताहेत हे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "वाढालेत काय?" सगळी खोली हसली. सुहासही हसला, आणि माणसामाणसाच्या तोंडाकडं पटापट बघायला लागला.

बाबा हसले नाहीत. फाउंड्रीत वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसांचे कान जातात. मग ती माणसं समोरच्याच्या डोळ्यांकडं बघत नाहीत, तोंडाकडं बघतात. ही नजर बाबा रोज बघत होते. ते पडवीत गेले, रश्श्याच्या पातेल्यावरचं मोठं झाकण घेऊन आले, सुहासच्या पाठीमागं उभे राहिले आणि त्यांनी ते झाकण हातातून सोडलं. पन्नास माणसं दचकली. एक तान्हं पोर रडायला लागलं. सुहास शेवंती सोलत राहिला.

बाबांनी आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटतं माझ्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असणार. "कवापास्नं म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बुधवारपास्नं." मग आई म्हणाली, "मला एसटीतच शंका आलती. हॉर्न वाजला, ह्यो हलला न्हाय. मी म्हनलो, अशक्त हाय, हुईल कमी. मी म्हनलो, शनिवार होऊ दे."

म्हणजे एका घरात दोघी जणी एकमेकींपासून तेच झाकून कांदा-खोबरं भाजत होतो.

"आनि मला मंडळीम्होरं उभा केलासा," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "समदाच्या समदा माघारी दिला, म्हनून मी सांगितलं. देवानं बी फशिवलं, तुमी बी फशिवलं." ते माणसांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेले. सायकलची घंटी वाजली, ती चुकून हात लागून वाजली असेल.

आत्याला गप्प बसवत नव्हतं. ती म्हणाली, "घरात काय तरी चुकल्यालं असनार. त्याबिगार देव असं करत न्हाय." पाळकसाहेब काहीतरी म्हणायला निघाले, पण आई त्यांच्या आधी उभी राहिली. पदर खोचलेला, हाताला मसाल्याचा रंग. तिनं डोळे मिटले नाहीत. छताच्या कौलांकडं बघत ती म्हणाली, "देवा, तू चांगला हाईस असं मी म्हनून बसलो आनि पन्नास मानसं जेवाय बोलवली. आता माघारी घेत न्हाय. पन मला तुजा राग आलाय. लई राग आलाय. त्ये बी ऐक. घरात काय चुकलं आसंल तर माजं चुकलं, मी झाकून ठेवलं, त्येचं पोराच्या कानाशी काय न्हाय. आमेन." आणि खाली बसली. ती तशी प्रार्थना मी त्याआधी ऐकली नव्हती, आणि नंतरही कुठल्या चर्चमध्ये ऐकली नाही. तेवढ्यात पडवीच्या दारात रशीदाभाभी आल्या. म्हणाल्या, "वहिनी, पांढरा रस्सा उतरवलाय. लोकांस्नी वाढूया, पोरं भुकेजलीत."

आम्ही वाढलं. लोक जेवले. आधी मान खाली घालून, मग हळूहळू रस्सा मागत. रस्सा त्या दिवशी फार उत्तम झाला होता, हे मला आजही सांगायला लाज वाटते. मीही जेवले. सुहास सर्वांत जास्त जेवला. आवराआवर करताना मी आईला म्हटलं, "मी आधी सांगितलं असतं तर?" तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, जोरात, आणि मग त्याच हातानं मला ओढून जवळ घेतलं. "चार दिस एकटीनं वागवलंस व्हय गं," म्हणाली. मी विचारलं, "आई, देव चांगला हाय का?" ती म्हणाली, "आत्ता मला इचारू नगंस. भांडी पुस."

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज रोज सकाळी कुणी ना कुणी फुलांचं चित्र टाकतं, 'देव चांगला आहे.' खाली हात जोडलेले दहा-बारा जण. मीही कधी कधी जोडते. पण ते वाक्य दिसलं की मला पहिल्यांदा त्या पडवीतला भांडी पुसायचा ओला फडका आठवतो. ते वाक्य महाग आहे, असं माझं मत झालं आहे. फुकट वाटलं जाताना बघून चिडचिड होते. म्हातारपणी माणूस चिडका होतोच.

डॉक्टरांनी तपासलं. तापानंच कान नेले होते, दोन्ही, कायमचे. कुणाचाच दोष नव्हता, आणि याचाच बाबांना जास्त राग आला असावा. बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका बाईंनी आईला सांगितलं, ह्याला बोलत ठेवा, नाहीतर बोलणं विसरेल, आणि ओठ वाचायला शिकवा. मग आईनं तेच काम घेतलं. दुपारी खिडकीशी उजेडात तोंड करून बसायचं, सुहासला समोर घ्यायचं आणि आवाज न काढता बोलायचं. आमची आई, आणि आवाज न काढता! भाभी दोन दिवसांनी घाबरून बघायला आल्या, घर एवढं गप्प का म्हणून. सुहास वाचायचा, चुकायचा, रुसायचा. त्याचा आवाज बदलत चालला, सपाट झाला, आणि त्याला कमी-जास्त कळत नसल्यानं तो सगळं मोठ्यानं बोलायचा. पाच-सहा महिन्यांत तो इतका पटाईत झाला की आम्हाला त्याच्यासमोर गुपित बोलायची चोरी झाली. एका रविवारी चर्चमधून येताना भर रस्त्यात तो मला म्हणाला, "ताई, तू गानं म्हनत न्हाईस. नुसतं तोंड उघडतीस आनि मिटतीस." खरं होतं. त्या शनिवारनंतर माझ्या गळ्यातून गाणं निघत नव्हतं. मी ओठ हलवायचे. मंडळीत कुणाला कळलं नव्हतं, बहिऱ्यानं पकडलं.

बाबा चर्चला येईनासे झाले. पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले, बाबांनी त्यांना चहा पाजला, सलाम केला आणि विषय फाउंड्रीचा काढला. देवाविषयी एक वाईट शब्द ते बोलले नाहीत. चांगलाही बोलले नाहीत. आणि संध्याकाळी ताटावर बसल्यावर घरच्या कर्त्यानं जी प्रार्थना म्हणायची, ती त्यांनी सोडली. आईनं ती स्वतः म्हणायला घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ती जागा त्यांची हाय. मी तितं बसलो तर ते कायमचं उठतील." मग असं व्हायचं, की ताटं वाढून व्हायची, बाबा वीस वर्षांच्या सवयीनं मान खाली घालायचे आणि गप्प बसायचे. आम्हीही मान खाली घालून बसायचो. प्रार्थनेला लागतो तेवढा वेळ गेला की बाबा मान वर करून भाकरी मोडायचे. त्या शांततेत भाकरीचा घास घशाखाली ढकलताना मला वाटायचं, हे घर आतून हळूहळू रिकामं होत चाललंय. देवाचं काय ते देव बघेल, पण बाबा आमच्यातून निघून चालले होते. रोज थोडेसे. आईच्या तोंडावरची हाडं दिसायला लागली होती. आणि सुहासला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याला मान खाली घातलेले बाबा दिसायचे, तो मान तिरकी करून एका डोळ्यानं त्यांच्याकडं बघत राहायचा, आणि बाबांनी मान वर केली की झाली प्रार्थना असं समजून खणखणीत म्हणायचा, "आमेन!" रोज. बाबांचा हात भाकरीवर थबकायचा. त्याला सांगावं असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही.

एके संध्याकाळी, आमटी-भाकरी होती, कांदा फोडलेला होता, बाबांनी मान खाली घातली. मी डोळे मिटून मनात अंक मोजत होते. मी प्रार्थनेच्या वेळी अंक मोजायला लागले होते. तेवढ्यात सुहासचा आवाज आला, "बाबा, तुमचं तोंड हलंना."

मी डोळे उघडले. तो ताटावरून पुढं वाकून खालून बाबांच्या तोंडाकडं बघत होता. "आदी मी बारका हुतो, मला वाचाय येत न्हवतं," तो म्हणाला. "आता येतंय. कवापास्नं बघालोय, तुमी काय म्हनताय मला दिसतच न्हाय. मान वर करा की. तोंड हलवून म्हना."

आई म्हणाली, "सुहास, जेव." पण ती त्याच्या बाजूला बसली होती, त्याला ते दिसलं नाही. तो बाबांकडंच बघत होता.

बाबांनी मान वर केली. मला वाटलं, आता उठून जातील, त्या दिवशी गेले तसे. त्यांनी सुहासकडं पाहिलं. मग त्यांनी ओठ हलवले. आवाज काढला नाही. त्याला आवाजाचा उपयोग नव्हता, आणि त्यांच्याजवळ तो नसेलही. एकेक शब्द सुटा करून, साचा दाबावा तसा हळू. सुहास प्रत्येक शब्द पकडून त्याच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात बोलत गेला. चर्चमध्ये एक जण वाचतो आणि मंडळी मागून म्हणते तसं.

"देवा," सुहास म्हणाला.

बाबांचे ओठ हलले. "भाकरी दिलीस," सुहास म्हणाला.

"आमटी दिलीस."

मग बाबा थांबले. त्यांचा जबडा हलत होता पण शब्द होत नव्हता. आई हातातलं भांडं धरून तशीच. सुहास वाट बघत होता, डोळे बारीक करून, धड्यातलं पुढचं वाक्य यावं तशी. बाबांनी पुन्हा ओठ हलवले.

"पोरगं," सुहास म्हणाला, "माघारी दिलंस." त्यानं भुवया आवळल्या. आपण नीट वाचलं का, असं त्याला वाटलं असावं. "कुनाचं पोरगं, बाबा?"

बाबांनी ताटावरून हात पुढं केला आणि ती वाळूची काळी नखं सुहासच्या छातीवर ठेवली.

"माजं," ते म्हणाले. हे मात्र आवाज काढून म्हणाले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला, उभं राहून साक्ष देतानाचा.

सुहासनं छातीवरच्या हाताकडं पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडं. "मग आमेन म्हना की," तो म्हणाला, "भाकरी गार व्हाय लागल्यात."

बाबा आमेन म्हणाले. आई चुलीकडं तोंड करून बसली, ती आमची जेवणं होईपर्यंत वळलीच नाही.